धामणखेड्यासाठी नाव देणारे

वर्ध्याहून परतल्यावर दिल्लीतल्या मंडळींनी पहिला प्रश्न एकच विचारला: आश्रम पाहिलास ना? नाही पाहिला. त्या वाटेवरून दोनदा रिक्षाने गेले, पण उतरले नाही. मी पाहिलं ते एक स्टेशन, आणि त्या स्टेशनावर गाडी थांबत नाही. एवढं सांगितलं की लोक माझ्याकडे जरा काळजीने बघतात आणि विषय बदलतात. म्हणून सगळं नीट लिहूनच काढते आहे.

आधी माझ्याविषयी थोडं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी मूळची वाईची. नोकरी सगळी दिल्लीत, संसदेत. लगेच भलतं चित्र डोळ्यांपुढे आणू नका, खालच्या बाकांशी माझा संबंध नव्हता. सभागृहाच्या कडेला काचेच्या छोट्या खोल्या असतात. त्यांतल्या एकीत बसून मी दुभाष्याचं काम केलं. सदस्य मराठीत बोलायला उभे राहिले, की कानाला हेडफोन लावून त्यांचं बोलणं त्याच क्षणी हिंदीत सांगायचं. ते पुढे बोलत असतात, मी अर्धं वाक्य मागे धावत असते. यातली गंमत अशी की दुभाषी 'सदस्य म्हणतात' असं म्हणत नाही. ते 'मी' म्हणाले की आपणही 'मी'च म्हणायचं. माझ्या जिल्ह्यातला पूल वाहून गेला, माझ्या मतदारसंघात कांद्याला भाव नाही, मी मंत्रिमहोदयांना विचारू इच्छिते. माझा ना जिल्हा, ना मतदारसंघ, आणि विचारायचं तर मला काहीच नसे. पाळी संपवून बाहेर आलं की पाटी कोरी. हे सगळं लक्षात ठेवलं असतं तर वेड लागलं असतं.

निवृत्त झाले आणि काही महिन्यांनी शालिनीचा फोन आला. शालिनी माझी पुण्याच्या हॉस्टेलातली मैत्रीण. वर्ध्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून तीही आता निवृत्त आहे. फोनवर नमस्कार-चमत्कार करण्याची तिला सवय नाही.

"काय वं, व्हिडिओ पाठवला तो पाह्यला? आवाज तुझाच ना?"

पाहिला. माझ्या शेवटच्या अधिवेशनातला होता. वर्ध्याकडचेच एक सदस्य उभे होते, तोंड मराठीत हलत होतं आणि आवाज माझा, हिंदीतला. धामणखेडा स्टेशनवर पॅसेंजर गाडीचा थांबा पुन्हा मिळावा, अशी मागणी. व्हिडिओच्या चारी बाजूंनी कुणीतरी झेंडूच्या माळा चिकटवल्या होत्या आणि शेवटी ढोल-ताशा वाजत होता. संसदेच्या कामकाजाला ढोल-ताशा मी पहिल्यांदाच ऐकला.

"गावात पेढे वाटले लोकायनं," शालिनी म्हणाली. "आन् माझी वरची खोली रिकामी पडली."

"पेढ्यांचा आणि खोलीचा काय संबंध?"

"येजो, मग सांगते."

(गावाचं खरं नाव धामणखेडा नाही. तिथल्या माणसांच्या घरच्या गोष्टी लिहायच्या आहेत, म्हणून ते मी बदललं आहे.)

सिंदी मेघे

शालिनीचं घर सिंदी मेघेत आहे. वर्धा शहर कुठे संपलं आणि सिंदी मेघे कुठे सुरू झालं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही आणि शालिनीलाही सांगता आलं नाही. सकाळी तिने कोपऱ्यावरून पोहे आणवले. आमच्या वाईला पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पडते, फार तर लिंबाची फोड. इथे पोह्यांच्या डोक्यावर लालभडक तर्री ओततात, चण्यांसकट. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दुसऱ्या घासाला पांढरा कुर्ता कामातून गेला. शालिनीला हसू आवरेना. "दिल्लीत राहून काई शिकली नाईस," म्हणाली. तिसऱ्या दिवशी मीच तिला तर्री वाढवून आण म्हणून सांगत होते, ते वेगळं.

मग तिने खोलीची गोष्ट सांगितली. धामणखेड्याचे देवराव दरवर्षी तिच्याकडे घरची तूरडाळ पोचवतात, त्यातूनच ओळख झालेली. त्यांची बायको कुंदाताई गावची सरपंच. मुलगी अश्विनी यंदा बारावी झाली, गणितात चांगली, बीएस्सीला वर्ध्यात नंबर लागला. पूर्वी पॅसेंजर गावात थांबायची तेव्हा पोरी सकाळी जाऊन संध्याकाळी घरी यायच्या. थांबा गेला. एसटी धरायची तर फाट्यापर्यंत शेतांतून चालत जायचं, आणि परतीची बस चुकली की अंधार. म्हणून देवरावांनी बरेच दिवस विचार करून मुलीला शालिनीच्या वरच्या खोलीत ठेवायचं कबूल केलं होतं. तेवढ्यात हा व्हिडिओ आला. ते स्वतः येऊन सांगून गेले, "मॅडम, खोली दुसऱ्या कोनाले द्या. आता गाडीच थांबून राह्यली. पोरगी घरून येनं-जानं करन."

"मग प्रवेश?"

"तोच तर घोळ हाय. प्रवेशाची मुदत शनिवारी संपते. तो म्हनते, गाडी सुरू झाली का भरू. नाई भरला तर वर्ष गेलं पोरीचं. मी म्हटलं, देवराव, गाडी केव्हा सुरू होईल कोनाले माहीत? तर म्हनते, संसदेनं परवानगी देली ना."

मी व्हिडिओ परत लावला. या वेळी स्वतःच्या आवाजाकडे कान न देता शेवटपर्यंत ऐकला, आणि मला घोटाळा सापडला.

आमच्याकडे शून्य प्रहर म्हणून एक वेळ असते. त्यात सदस्य आपल्या भागातलं तातडीचं गाऱ्हाणं दोन-तीन मिनिटांत मांडतात. मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायलाच हवं असं बंधन नसतं. त्या वेळी दुसऱ्या एखाद्या सदस्याला वाटलं, की हे म्हणणं मलाही पटतं, तर तो आपलं नाव पुढे कळवतो. मग पीठासीन अधिकारी ती नावं घाईघाईने वाचून दाखवतात आणि म्हणतात, या सदस्यांना या विषयाशी संबद्ध होण्याची 'अनुमति प्रदान की जाती है'. म्हणजे नावं जोडली गेली, पुढचा विषय घ्या. धामणखेड्याच्या मागणीला दोघांनी नाव दिलं होतं, ओडिशाच्या एका सदस्यांनी आणि तामिळनाडूच्या एका बाईंनी. परवानगी मिळाली होती ती त्या दोघांना. गावाने ती गाडीला मिळाली असं धरलं, आणि व्हिडिओ कापणाऱ्याने बरोबर तिथेच ढोल वाजवला.

शालिनी म्हणाली, "चल, उद्या जाऊ. तू सांग त्यायले."

"मी कशी सांगू? मी दुभाषी आहे. मी आपल्या पदरचं काही बोलत नसते."

"रिटायर झालीस ना? मग उघड आता तोंड."

मला मनापासून जायचं नव्हतं. आनंदात असलेल्या गावात जाऊन 'तुमचा आनंद चुकीचा आहे' असं सांगणं कुणाला आवडेल? शिवाय शालिनीनेच दुसरी बाजू सांगून माझी झोप उडवली होती. गाडी येत नाही असं कळल्यावर देवराव खोलीकडे वळतील याची खात्री नव्हती. ते सरळ म्हणतील, मग राहू दे पोरगी घरीच. खरं बोलून मी अश्विनीचं वर्ष वाचवणार होते की शिक्षणच बंद पाडणार होते, ते मला ठरवता येईना.

पुलगावच्या रस्त्याने

पुलगावपर्यंत एसटी. पुलगावात पत्ता विचारला की माणसं डेपोच्या अलीकडे की पलीकडे, एवढंच सांगतात. डेपो म्हणजे लष्कराचा, दारूगोळ्याचा. त्याच्या कुंपणाला धरून गावाचा सगळा भूगोल बसवलेला आहे. स्टँडजवळ आलुबोंडा खाल्ला, तोही रश्श्यात बुडवून. या भागात कोरडं काही खातच नाहीत असं माझं मत झालं आहे.

पुढे ऑटो केला. दोन्ही बाजूंना काळीभोर शेतं, कपाशी वीतभर आलेली, तिच्यातून बैलांचे डवरे, म्हणजे आमच्याकडचे कोळपे, चाललेले. आभाळ भरलेलं पण पाऊस थांबलेला. ऑटोवाल्याने गावाच्या अलीकडे एका वळणावर गाडी थांबवली आणि पुढे चिखल आहे, म्हणून हात वर केले. मी ऐटीत उतरले. चार पावलं टाकली आणि तळव्याखाली माती चढायला लागली. आमच्याकडची माती लाल, ती धुतली की जाते. ही काळी माती चपलेला धरते ती सोडतच नाही. दहा पावलांत माझी उंची वाढली, वीस पावलांत उजव्या चपलेचा अंगठा तुटला. शालिनी आधीच चपला हातात घेऊन अनवाणी चालत होती. मला आधी सांगायला काय झालं होतं, असं विचारलं तर म्हणाली, "ऐकलं असतं का?"

अशा थाटात, एक चप्पल पायात आणि एक हातात, मी धामणखेड्याला पोचले.

धामणखेडा

कुंदाताई आम्हाला गावात नव्हे, स्टेशनावरच भेटल्या. चाळिशीतल्या, चटपटीत, पदर कमरेला खोचलेला. बचत गटाच्या चार-पाच बाया हातात विळे घेऊन फलाटावरचं गवत कापत होत्या. फलाट म्हणजे रुळांच्या कडेला थोडी उंच केलेली जमीन, एक पत्र्याची शेड, गावाच्या नावाची पाटी. शेडमधलं बाकडं धुऊन पुसून ठेवलं होतं. एका कोपऱ्यात तीन विटांची चूल मांडली होती.

"चहाची टपरी टाकून राह्यलो इथं," कुंदाताई म्हणाल्या. "गाडी येईल त गिऱ्हाईक येईल."

मी म्हटलं, "नमस्कार. मी शालिनीची मैत्रीण."

त्या एकदम थांबल्या. "आखीन बोला बरं."

"काय बोलू?"

"अवो माय! अश्विनी, इकडे ये. फोन आन."

फलाटाच्या टोकाला एक मुलगी रुळांकडे बघत उभी होती, ती पळत आली. उंच, शिडशिडीत, वेणी घट्ट. तिने व्हिडिओ लावला आणि सगळ्या बाया विळे टाकून भोवती गोळा झाल्या. फोनमधला आवाज हिंदीत धामणखेड्यासाठी गाडी मागत होता. मग कुंदाताईंनी फोन बंद करायला लावला आणि माझ्याकडे बघितलं. मी कानकोंडी होऊन म्हणाले, "हो. मीच."

"आमाले वाटलं दिल्लीत मशीन असन," एक बाई म्हणाली. "मानूस मराठीत बोलून राह्यला आन् बाईचा आवाज हिंदीत!"

तेवढ्यात मुंबईकडची एक्स्प्रेस आली. सगळ्या जणी सवयीने मागे सरकल्या, पदर-ओढण्या धरल्या. गाडी धडधडत गेली, वाऱ्याबरोबर कापलेलं गवत उडालं. अश्विनी एकेक डबा बघत होती. माणसं खिडक्यांतून आमच्याकडे बघत गेली. गाडी दिसेनाशी झाल्यावर कुंदाताई डोळ्यांत गेलेला कचरा पुसत म्हणाल्या, "ही नाई थांबाची. आपली पॅसेंजर. तिले परवानगी भेटली."

मी शालिनीकडे पाहिलं. तिने रुळांकडे तोंड फिरवलं. म्हणजे बोलायचं मलाच होतं, पण तिथे, चुलीच्या विटांपुढे उभं राहून, ते सांगणं मी पुढे ढकललं.

जेवायला त्यांच्या घरी गेलो. पाटवडीचा रस्सा, ज्वारीची भाकर, भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा. वाढण्याची पद्धत आमच्याकडे आग्रहाची, दिल्लीत 'आपापलं घ्या' अशी. इथे कुणी विचारतच नाही, ताट रिकामं दिसलं की पुढची भाकर पडते. देवराव शेतातून आले, बैल बांधले, हातपाय धुऊन आमच्या पंगतीला बसले. सडपातळ, कमी बोलणारा माणूस. शालिनीने माझी ओळख करून दिल्यावर त्यांनी घास ताटात ठेवला आणि दोन्ही हात जोडले.

"मॅडम, तुमच्या तोंडून आमचं गाव दिल्लीत गेलं. तुमच्यामुळे पोरगी शिकन."

आता गप्प राहिले तर या माणसाचा नमस्कार मी फुकट घेतला असं होणार होतं. मी हात धुतले, आणि ज्या आवाजात आजवर फक्त दुसऱ्यांचं बोलले त्याच आवाजात सांगितलं, की गाडीला अजून परवानगी मिळालेली नाही.

भांडी घासणाऱ्या अश्विनीचा हात थांबला. मी शून्य प्रहर समजावून सांगायला लागले आणि माझं मलाच कळेना की मी कुठल्या भाषेत बोलते आहे. शेवटी म्हटलं, "कुंदाताई, तुमच्या ग्रामसभेत कुणी उठून म्हणालं की आमच्या गल्लीत नाली पाहिजे, तर त्याच दिवशी नाली मंजूर होते का?"

"नाई. त्यानं विषय मांडला. ठराव वेगळा. ठरावानंतर काम वेगळं." त्या माझ्याकडे वळल्या. "म्हंजे आपला निस्ता विषय मांडला गेला?"

"हो. मांडला गेला, तोही चांगला. पण उत्तर आलेलं नाही."

"मंग ते अनुमती कोनाले देली?"

मी त्या दोन सदस्यांविषयी सांगितलं. सांगताना मला ते इतकं किरकोळ वाटलं, की शेवटचं वाक्य मी पुटपुटलेच.

कुंदाताईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी पदर सावरला, उभ्या राहिल्या आणि चपला घालायला लागल्या. "कुठी चालली?" देवरावांनी विचारलं.

"पंचायतीत. मानसं बसून असतील. मीच सांगतलं होतं गाडी आली म्हनून. आता मीच सांगाले पाह्यजे का नाई आली."

"उद्या सांगजो."

"उद्यापर्यंत आखीन चार जन पेढे खातीन."

मीही त्यांच्याबरोबर गेले. पंचायतीच्या ओट्यावर दहा-बारा माणसं होती. कुंदाताईंनी आडवळण घेतलं नाही. "गाडीचं मी चुकीचं सांगतलं. परवानगी गाडीले नाई भेटली. आपला विषय तिथं बोलला गेला, एवढंच खरं." एका म्हाताऱ्याने विचारलं, "काऊन सांगतलं मंग पयले?" दुसरा म्हणाला, बाईच्या हाती कारभार दिला की असंच व्हायचं. त्या उभ्या राहिल्या, ऐकून घेतलं, मध्ये तोंड घातलं नाही. मग म्हणाल्या, "झालं बोलून? आता पुढं काय कराचं ते ऐका. या मॅडम तिथच्या हायेत, इचारा."

मोठमोठ्या माणसांना उत्तरं टाळताना मी काचेमागून खूप पाहिलं आहे. आपलं सांगणं चुकलं असं आपल्याच माणसांना उभं राहून सांगणारी मात्र मी फार थोडी पाहिली. मला कुंदाताईंचा फार अभिमान वाटला, आणि तसं मी त्यांना परतताना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "अवो, नाई सांगतलं त तोंड कसं दाखवाव? मले याच गावात पानी भराले जा लागते."

ओट्यावर मी सांगितलं ते इतकंच. सदस्यांनी शून्य प्रहरात बोलणं वेगळं आणि लेखी प्रश्न टाकणं वेगळं. लेखी प्रश्न स्वीकारला गेला की सरकारला उत्तर द्यावं लागतं. मंत्र्यांनी सभागृहात 'आम्ही पाहतो' असं म्हटलं, तर त्या आश्वासनाचं पुढे काय झालं हे विचारायला सदस्यांची समिती असते. अश्विनी आमच्या मागोमाग आली होती. तिने विचारलं, "आणि उत्तर 'नाही' असं आलं तर?"

"तर निदान नाही कोण म्हणालं आणि का म्हणालं, हे कळतं. मग त्याच्यावर पुढचं विचारता येतं."

तिने मान हलवली. गणिताच्या मुलीला हे बरं समजलं असावं. पण तिचं लक्ष पंचायतीत नव्हतं. ती घराकडे बघत होती, कारण वडील तिथेच राहिले होते.

परत आलो तेव्हा देवराव गोठ्यात बैलांना वैरण टाकत होते. शालिनी खाटेवर बसून होती. तिने मला डोळ्यांनी विचारलं, मी खांदे उडवले. अश्विनी दारात उभी राहिली, आत गेली नाही. ज्या प्रश्नाला मी घाबरत होते तो आता त्या अंगणात कुणीच न विचारता उभा होता: गाडी नाही, तर मग ही मुलगी घरी बसणार का?

देवरावांनी वैरण टाकून झाल्यावर हात झटकले आणि बायकोला किंवा मुलीला नव्हे, मला विचारलं, "ते दोघं कोन होते, म्हनालं तुमी?"

"एक ओडिशाचे. एक बाई तामिळनाडूच्या."

"त्यायले आपलं गाव माहीत हाय?"

"नाही. नावही पहिल्यांदाच ऐकलं असेल."

"मंग काऊन देलं नाव?"

खरं तर मला माहीत नव्हतं. अशी नावं देणारे रोज असतात. कधी मनापासून देतात, कधी शेजारचा देतो म्हणून देतात. हेही त्यांना सांगितलं. मग म्हटलं, "त्यांच्याकडेही असं एखादं स्टेशन असेल. तिथल्याही मुली फलाटावर उभ्या राहून गाडी जाताना बघत असतील."

देवरावांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग अश्विनीकडे न बघताच म्हणाले, "जे लोकं आपल्याले कधी भेटले नाई, त्यायनं माह्या पोरीसाठी नाव देलं. अन् मी बाप होय. मी फक्त गाडीचीच वाट पाहू?" आणि शालिनीकडे वळून, "मॅडम, खोली देली का कोनाले?"

"नाई देली," शालिनी म्हणाली. "कोनाले देईन?"

अश्विनी घरात पळाली. आतून भांडी पडल्याचा आवाज आला आणि कुंदाताई, गावाने इतकं ऐकवूनही न रडलेल्या, पदराने डोळे पुसायला लागल्या.

परत सिंदी मेघे

शुक्रवारी देवराव आणि अश्विनी सकाळच्या एसटीने आले. प्रवेश झाला. कॉलेजातली रांग, खिडक्या, झेरॉक्स यांविषयी लिहीत नाही, ते सगळीकडे सारखंच असतं. दुपारी वरच्या खोलीत सामान चढवलं: एक गादी, एक पेटी, लोणच्याची बरणी आणि तूरडाळीचं पोतं, जे एका मुलीला तीन वर्षांत संपायचं नाही. देवरावांनी दाराची कडी तीनदा लावून पाहिली. नळ सोडून पाहिला. खिडकी उघडून समोर कोण राहतं ते विचारलं, शालिनीने सांगितलं, तरी खाली जाऊन त्या घरातल्या आजोबांशी बोलून आले. अश्विनी हे सगळं ओठ मिटून बघत होती. शेवटी ती म्हणाली, "बाबा, थांबा मिळेपर्यंतच राहीन मी इथे. आईला सांगजा, साहेबांना प्रश्न टाकायला सांगायचं विसरू नको म्हनावं."

"तुही माय विसरन?" देवराव म्हणाले.

शालिनीने चहा केला, बरोबर वर्ध्याचा गोरसपाक ठेवला, गाईच्या तुपातली खुसखुशीत बिस्किटं. देवरावांनी एक तुकडा खाल्ला, एक रुमालात बांधला, बायकोसाठी. शनिवारी मलाही निघायचं होतं, पुन्हा भेट व्हायची नव्हती, म्हणून मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. त्यांनी पिशवी खांद्याला लावली, दोन पावलं गेले आणि परत आले.

"मॅडम, एक इचारू? तो ओडिशावाला साहेब कोन्या गावचा?"

"नाव सांगू शकते. गाव पाहावं लागेल."

"पाहजा. अन् त्या तामिळनाडूच्या बाईचंही. त्यायच्या तिकडे काई अडलं असन, त आमाले सांगजा. आमी आमच्या साहेबाले म्हनू, आता तुमी तिकडे नाव द्या." त्यांनी पिशवी नीट केली. "आपल्या वावरात चार जन राबाले आले, त मंग त्यायच्याही वावरात आपल्याले जा लागते ना."